दहा हजार हाका

३ नोव्हेंबर, सोमवार

दहा हजार हाका मारल्या. दहा हजार ओ आल्या! एकही चुकली नाही.

अहवाल साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी शेवटचं पान पाहिलं, मधली एकशे चाळीस पानं अंगठ्याने फर्रकन सोडली आणि म्हणाले, "पास ना?" म्हटलं, पास. "मग झालं तर." दोन आठवडे खपले त्याचं एवढंच कौतुक. चालायचंच. कौतुक हवं असतं तर गाणं शिकले असते.

मशीन थांबवणारा आमचा नवा डबा सतरा तारखेला लागणार. पहिला कारखाना कुठला, तर दादाचा! त्यांच्याकडे नवं प्रेस मशीन आलंय आणि त्यावर दादाच बसणार. अठरा वर्षं पत्रे कापण्यात गेली, दुसरं कोण बसणार? घरी सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे आता माझे हात तुझ्या हातात म्हणायचे!" मी हसले. आई नाही हसली.

मग आईला पुन्हा एकदा समजावून सांगितलं मी नक्की काय करते ते. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा असतो, डोळ्यांना न दिसणारा. हात आत गेला की पडदा तुटतो आणि डब्यातल्या चिपला हाक जाते. त्या हाकेला आम्ही इंटरप्ट म्हणतो. चिपने हातातलं काम टाकायचं आणि आधी मशीन थांबवायचं. ती प्रत्येक हाकेला ओ देते की नाही, हे मी बघते.

"खरा हात घालून बघतेस?"

"छे! सिम्युलेटरवर. कॉम्प्युटरमध्ये खोटी चिप, खोटा पडदा, खोटा हात."

आई म्हणाली, "खोट्या हाताला काय धाड भरलीये!"

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक गोष्ट खुपतेय.

प्रत्येक हाकेला एक सेकंद ठरलेला. म्हणजे दहा हजार हाकांना दहा हजार सेकंद. लॉगमध्ये सहज नजर गेली – दहा हजार नऊ. वरचे नऊ सेकंद कोणी खाल्ले?

नऊ सेकंदांचं काय एवढं, असं कोणीही म्हणेल. पण मी सुटे पैसे मोजून घेणारी बाई आहे. डोक्यात किडा वळवळायला लागला की मला जेवण गोड लागत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

नऊ सेकंद सापडले नाहीत. डोकं दुखतंय. साहेब विचारत होते, "अजून त्याच अहवालावर?" मी म्हटलं, स्पेलिंग तपासतेय. थाप!

६ नोव्हेंबर, गुरुवार

सापडले. सापडले नसते तर बरं झालं असतं.

माझ्याच चाचणीत एक ओळ आहे. मीच लिहिलेली, वर माझी आद्याक्षरं. 'उत्तर न आल्यास पुन्हा प्रयत्न करा – जास्तीत जास्त तीन वेळा.' आणि पुढे माझीच टीप – 'सिम्युलेटर कधीकधी अडखळतो.'

तेव्हा अडखळायचाच तो. सुरू होताना पहिली हाक गिळून टाकायचा. उगाच नापास दिसायचं आणि साहेब अंगावर यायचे. म्हणून मी शहाणपणा केला, की एकदा ओ नाही आली तर पुन्हा हाक मार, तरी नाही आली तर आणखी एकदा. तीनपैकी एकदा जरी ओ आली तरी पास. आणि अहवालात फक्त 'पास' छापायचं. कितव्या हाकेला आली ते छापायचंच नाही! मग ती ओळ तिथेच राहिली. मी विसरले. सिम्युलेटर सुधारला, नवा आला, ओळ तशीच.

आज ती ओळ काढून टाकली आणि पुन्हा दहा हजार हाका मारल्या.

नऊ हजार नऊशे एक्याण्णव.

नऊ हाका हवेत विरल्या. नऊ वेळा खोटा हात आत गेला आणि खोटं मशीन खाली आलं. डब्यात दुसरी तपासणीही आहे – पडदा तुटलेला आहे का, हे चिप दर पाव सेकंदाला स्वतःहून बघते. पण पाव सेकंदात प्रेस खाली येऊन वरही जातं.

मी माझ्या चिपला तीन-तीन संधी देत बसले. दादाला कोण देणार दुसरी संधी? उद्या साहेबांना सांगायचं. सांगायलाच हवं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

साहेबांनी दार लावून घेतलं. दार लावलं की समजायचं, आता आवाज गोड होणार. "मॅडम, बसा. पाणी घ्या. हे सिम्युलेटरमध्ये दिसलंय ना? खऱ्या चिपवर नाही ना दिसलं?"

"खऱ्या चिपवर दहा हजार वेळा कोण बघणार साहेब?"

"तेच म्हणतोय मी. सिम्युलेटर अडखळतो. मी नाही, तुम्हीच लिहिलंय!" आणि त्यांनी माझीच टीप माझ्यापुढे सरकवली. माझ्याच काठीने मला हाणलं.

मी म्हटलं, तो पूर्वी सुरू होताना अडखळायचा. हे मधेच होतंय. पाच हजाराव्या हाकेला, सात हजार तीनशेव्या हाकेला.

मग गोडवा संपला. "नक्की कुठे होतं, का होतं, दाखवा. शुक्रवारपर्यंत. चौदा तारीख. नाहीतर सतराला डबा लागतोय. दहा हजारात नऊसाठी मी त्या लोकांना नाही म्हणू शकत नाही. आणि तोवर हे चार भिंतींत राहू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठच झाकली म्हणे! शब्द तरी बघून वापरावेत माणसाने.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी दादा खिडकीपाशी बसून संत्रं सोलत होता. साल एकसंध काढतो, कधी तुटू देत नाही. लहानपणी मला त्या सालीची बांगडी करून द्यायचा. जाड बोटं, नखांत तेल, उजव्या अंगठ्यावर पत्र्याचा जुना ओरखडा. मी किती वेळ बघत होते कोण जाणे.

"काय गं? हवंय का?"

नको म्हटलं. सांगायचं ओठांवर आलं होतं. पण काय सांगू? का होतं तेच मला माहीत नाही. आणि साहेबांना शब्द दिलाय – दिलाय का? 'बरं' म्हणाले होते मी. म्हणजे दिलाच.

भित्री आहे मी. हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे!

९ नोव्हेंबर, रविवार

आईने दोनदा विचारलं, "काय बिनसलंय?" दोन्ही वेळा म्हटलं, काही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर पाठलाग. हाका मारायच्या, एखादी चुकेपर्यंत थांबायचं, चुकली की तिथेच सगळं गोठवायचं आणि बघायचं चिप काय करत होती. पण माझं गोठवणं एक पाऊल मागे पडतं. मी पोचेपर्यंत सगळं जागच्या जागी. चिप शहाण्या मुलीसारखी आपलं काम करतेय. हाक आल्याची कुठे खूण नाही. उत्तर दिलं नाही एवढंच नाही, हाक आलीच नव्हती असं तिचं म्हणणं!

हे मला सगळ्यात वाईट वाटतंय. चुकली तर चुकली म्हणावं ना.

डबा लागायला सात दिवस उरले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज डोकं चाललं.

आतापर्यंत मी हाका वाटेल तेव्हा मारत होते. आज मिलिसेकंद चिरला. एका मिलिसेकंदात चिपच्या घड्याळाचे दोन हजार ठोके पडतात. मी पहिल्या ठोक्याला हाक मारली. मग सगळं पहिल्यापासून चालू करून दुसऱ्या ठोक्याला. मग तिसऱ्या. एकही ठोका सोडायचा नाही.

सकाळी नऊला बसले. पडद्यावर एकेक ओळ सरकतेय – ओ, ओ, ओ. जेवणाची सुट्टी झाली, सगळे उठले, मी नाही उठले. हजार झाले. बाराशे झाले. ओ, ओ, ओ. मनात म्हटलं, खरंच सिम्युलेटर अडखळत असेल. मलाच हसू यायला लागलं.

१,२१३ – ओ.
१,२१४ – काही नाही.
१,२१५ – काही नाही.
१,२१६ – ओ.

पुन्हा चालवलं. पुन्हा तेच दोन ठोके. तिसऱ्यांदा चालवलं. तेच.

हे अडखळणं नव्हे. अडखळणारा दर वेळी त्याच दगडाला अडखळत नाही. दोन हजारांतल्या दोन ठोक्यांना ही चिप ठार बहिरी असते. दर मिलिसेकंदाला. दिवसभर. आणि त्या दोन ठोक्यांत हात आला तर तो आलाच नाही असं धरते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गुरुजींकडे गेले. डब्यातला प्रोग्राम त्यांनी लिहिलेला. डिसेंबरात निवृत्त होणार. सगळं फळ्यावर खडूने समजावतात म्हणून आम्ही गुरुजी म्हणतो. मला तर या कामातलं अ आ इ त्यांनीच शिकवलंय. पहिल्या दिवशी म्हणाले होते, "यंत्रावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावर तर मुळीच नको."

दोन्ही ठोके दाखवले. चष्मा कपाळावर सरकवला, वाकून बघितलं. मग उठून फळ्याशी गेले आणि आठ चौकोन काढले.

चिपमध्ये एक पाटी असते. कोणाचीही हाक आली की पाटीवर त्याच्या चौकोनात फुली पडते. घड्याळाची हाक – एक फुली. पडद्याची हाक – दुसरी फुली. घड्याळाचं काम झालं की प्रोग्रामने फक्त घड्याळाची फुली पुसायची. पण इथे काय केलंय? पाटी वाचायची, घड्याळाची फुली वगळून बाकीचं मनात ठेवायचं, आणि तेच पाटीभर पुन्हा लिहायचं. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दोन ठोके. तेवढ्यात पडद्याने फुली मारली, तर ती त्या जुन्या वाचण्यात नसते. लिहिताना पुसली जाते. पडदा एकदाच हाक मारतो, हात आत येताना. पुन्हा मारत नाही.

"माझी मास्तरीण असतीस तर माझा कान धरला असतास," गुरुजी म्हणाले. "ओळ माझी आहे."

म्हटलं, गुरुजी, होतं असं कधीकधी.

"होत नाही. होऊ नये." खडू ठेवला. हात पुसत पुसत विचारलं, "तुझ्या चाचणीतले ते तीन प्रयत्न कधीपासून आहेत?"

"आधीपासूनच. मी आल्यापासून."

"हं," म्हणाले. आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दादाला सांगितलं. साहेबांचे शब्द गेले खड्ड्यात.

संध्याकाळी तो कामावरून आला, हातपाय धुतले, मी चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं. पाटी, फुल्या, दोन ठोके, सगळं. समजलं त्याला. मशीनजवळ अठरा वर्षं काढलेल्या माणसाला फार सांगावं लागत नाही.

"म्हणजे हजारातून एकदा."

"हो. हात चुकून आत गेलाच तर."

"हात चुकून जातोच गं. वर्षातून दोनदा-तीनदा जातो. पत्रा अडकतो, माणूस विचार न करता ओढायला जातो. मशीन थांबतं, आपण एक शिवी घालतो आणि पुढचा पत्रा लावतो."

मी म्हटलं, सोमवारी जाऊ नकोस. ताप आलाय म्हणून सांग. चार दिवस. तोवर मी काहीतरी करते.

त्याने कप खाली ठेवला. "आणि माझ्या जागी कोण बसणार?"

मी त्याच्या कपाची बशी सरळ करत बसले.

"पैलवान बसेल." पैलवान म्हणजे त्याचा जोडीदार, दोघे आलटून-पालटून पाळी करतात. घरी येतो कधीकधी, आईला हसवून बेजार करतो. "त्याचे हात काय भाड्याने आणलेत?"

"दादा, मी बहीण आहे तुझी. पैलवानाची नाही."

"ते बरोबर. पण डबा पण तूच तपासलास ना? तो काय माझ्या एकट्यासाठी तपासलास?" रागाने नाही म्हणाला. रागावला असता तर परवडलं असतं. "मी सोमवारी जाणार आणि त्या मशीनवर मीच बसणार. दुसऱ्याला बसू देणार नाही. आता तू काय ते बघ."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. आई आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली आणि मला एवढंच म्हणाली, "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. उद्या जाऊन नीट सांग त्यांना."

लाज वाटतेय. पैलवानाला बसवायला निघाले होते मी. त्याच्याही घरी दोन पोरी आहेत. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला काहीच वाटलं नव्हतं. आत्ता वाटतंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

थांबवलं!! डबा थांबवला!

सकाळी मी आणि गुरुजी दोघेही साहेबांच्या दारात. साहेब म्हणाले, "दोघं दोघं? काय मोर्चा आणलाय का?" मी कागद पुढे केले. १,२१४ आणि १,२१५ ला लाल रेघ. साहेबांनी तोंड उघडायच्या आत गुरुजी म्हणाले, "ओळ माझी, चूक माझी. सिम्युलेटर खरं बोलतोय. डबा गेला तर मी लेखी देईन की मी सांगितलं होतं."

लेखी म्हटल्यावर साहेबांचा चेहरा उतरला. पाच मिनिटं पेन हलवत बसले, मग कारखान्याला स्वतः फोन केला. "तांत्रिक कारणास्तव." दुपारी आमचा माणूस जाऊन तिथे पोचवून ठेवलेला डबा परत घेऊन आला. नवं मशीन महिनाभर झाकून ठेवणार. दादा त्याच्या जुन्याच मशीनवर. त्यावर आमचाच जुना डबा आहे, चार वर्षं झाली, कधी तक्रार नाही.

गुरुजींनी ओळ बदलली. एक ओळ! वाचायचं नाही, लिहायचं नाही, फक्त आपल्या चौकोनावर बोट. मी पुन्हा मिलिसेकंद चिरला. दोन हजार ठोके, दोन हजार ओ. तीन प्रयत्न नाहीत, काही नाही. प्रत्येक हाकेला पहिल्या फटक्यात ओ! टेबलाखाली पाय आपटले मी आनंदाने.

सगळ्यांना चहा सांगितला. गुरुजींनी घेतला नाही. जुन्या फाइली उघडून बसले होते, चार-पाच वर्षांपूर्वीच्या. म्हटलं, गुरुजी, मिटलं की आता!

"तुझं मिटलं," म्हणाले. मान वर केली नाही.

म्हातारपणी माणसं फार मनाला लावून घेतात. निवृत्तीच्या तोंडावर चूक निघाली म्हणजे लागणारच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नऊपर्यंत झोपले. आई म्हणाली, "घोरत होतीस." दादा जाता-येता हात लपवून दाखवतोय आणि "अगं, गेला गं गेला!" असं ओरडतोय. चप्पल फेकून मारली मी त्याला. लागली. बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

रविवारी दादा तेलपाणी करायला कारखान्यात जातोच. आज उशीर केला. दीड वाजला तरी पत्ता नाही. ताटं वाढून आम्ही दोघी बसलेल्या. आला तेव्हा हातात झाडूच्या दांड्याचे दोन तुकडे. काही न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवले.

"हे काय?"

"तुझा सिम्युलेटर," म्हणाला. "काल पैलवानाला सगळं सांगितलं. तो मानेना. म्हणे, असं कुठे होतं का, कागदावरच्या गोष्टी. म्हटलं, चल, करूनच बघू. नवा डबा तर तुम्ही परत नेलात. म्हणून आपल्याच मशीनवर बसलो. जुन्यावर. गंमत म्हणून."

पाय पॅडलवर. मशीन खाली यायला लागलं की दांडा आत घालायचा. मशीन थांबायचं. पैलवान दर दहाला भिंतीवर खडूची रेघ मारायचा. दोघं हसत होते म्हणे. पन्नास झाले, शंभर झाले. पैलवान म्हणाला, बघ, तुझ्या बहिणीला सांग. पाचशे झाले. मग कंटाळा आला, पण दादाला कंटाळा आला तरी सोडवत नाही, आम्ही दोघं त्यात एकच.

सातशे एकोणचाळिसाव्या वेळी मशीन थांबलं नाही.

तुकड्यांची टोकं बघितली. सुरीने भाजी कापावी तशी स्वच्छ.

"पण हा जुना डबा आहे, दादा. याची चिपच वेगळी आहे! प्रोग्राम वेगळा आहे!" मी ओरडत होते. कुणावर ओरडत होते कोण जाणे.

गुरुजींना फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला. वाट बघत असल्यासारखा.

"चिप वेगळी," म्हणाले. "ओळ तीच. नव्याची तिथूनच उचलली मी. शुक्रवारपासून डोक्यात होतं, खात्री नव्हती. काल रात्री खात्री झाली. तुला कसं सांगावं, कळेना."

जुने डबे तपासले मीच. याच चाचणीने. तीन-तीन प्रयत्नांनी. सगळे पास.

"किती आहेत बाहेर?"

"दोन हजार तीनशे."

आई ताटं उचलून आत घेऊन गेली. कोणी जेवलं नाही. दादाने मशीनला कुलूप घालून किल्ली फोरमनच्या घरी नेऊन दिली आहे. तेवढं एक मशीन बंद. बाकीच्यांची पाळी उद्या सकाळी सातला लागते. साहेब फोन उचलत नाहीत. गुरुजी म्हणाले, साहेबांना विचारायची आता गरज नाही. साडेसहाला ऑफिसात भेटू. यादी काढू. वरून मी फोन करतो, खालून तू कर.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साडेसहापासून फोन चालू आहेत. नंबर शोधायला तक्रारींची फाईल काढली. चार वर्षांत तीन पत्रं आली आहेत. तीन वेगवेगळे कारखाने. तिन्हींत एकच वाक्य – 'हात आत होता, तरी मशीन थांबलं नाही.' तिन्हींना आमचं एकच उत्तर गेलंय – 'आमच्या चाचणीत दोष आढळला नाही. कामगाराचा निष्काळजीपणा असावा.' उत्तरं मी लिहिली होती. आठवतही नव्हतं मला.

एका पत्राखाली कामगाराचा घरचा नंबर होता. लावला. बाईने उचलला. मी कोण, कुठून बोलतेय, सगळं सांगितलं. म्हटलं, चूक त्यांची नव्हती. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "थांबा, त्यांनाच सांगा. जरा वेळ लागेल. त्यांना फोन धरता येत नाही, मी कानाशी लावते."